इरावतीबाईंची मोजपट्टी

बीडहून दक्षिणेस मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर पाली हे गाव लागते. जवळच बिंदुसरेचे धरण, आजूबाजूला बालाघाटाची उघडी, खडकाळ टेकाडे आणि मधून धुळे-सोलापूर हा हमरस्ता. उसाच्या हंगामात याच रस्त्याने तोडकऱ्यांची बिऱ्हाडे कारखान्यांकडे जातात आणि ज्येष्ठ महिन्यात बीड परगण्यातून पंढरीच्या दिंड्या सरकू लागतात. मुक्ताईची पालखी तर थेट खानदेशातून बीडमार्गे पंढरपुरास जाते. रस्त्याकडेला उभे राहून टाळकऱ्यांचा तो संथ प्रवाह पाहताना आम्हां ख्रिस्ती माणसांनाही क्षणभर पाय उचलावेसे वाटतात. अशा वेळी आम्हांला हटकून एका विदुषीची आठवण होते. ती स्वतः वारीत चालली होती. मात्र नवस फेडणे हा तिचा हेतू नव्हता. चालता चालता ती माणसे पाहत होती.

डॉ. इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेल्या व त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्याचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि वारीचा अभ्यास करणारे परदेशी संशोधक आजही त्याचा आधार घेतात. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा एक नवाच अर्थ त्यांना त्या वाटेवर उमगला. परंतु त्याच लेखात एक सल आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठेही होते. दिवसभर एकच अभंग, एकच टाळ, एकच धूळ. मुक्कामावर मात्र स्वयंपाक निराळे आणि पंक्ती निराळ्या. इरावतीबाईंनी दोन्हीकडे जेवण केले, पण एकाच दिंडीचे हे दोन तुकडे त्यांना रोज बोचत राहिले. ख्रिस्ती वाचकांनी हे वाचून समाधानाने हसू नये. आमच्याही घरात चुली दोन आहेत. त्याविषयी पुढे लिहूच.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. तिथल्या महानदीचे नाव त्यांनी मुलीला दिले. सात वर्षांच्या वयात मुलगी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. तिथे रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला हिच्याशी तिची मैत्री जमली आणि परांजप्यांनी या परक्या मुलीला आपल्याच घरी वाढवले. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे ते घर पुस्तकांनी, पाहुण्यांनी आणि वादांनी भरलेले असे. देवधर्माला तिथे फारसा थारा नव्हता, कारण रँग्लर पक्के बुद्धिवादी होते. त्या घरी येणाऱ्या बालकराम नावाच्या न्यायाधीशांकडून तिला मानवशास्त्र या विषयाची पहिली गोडी लागली, असे सांगतात. १९२६ साली ती तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली तिने चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ साली एम.ए. पदवी मिळवली. घुर्ये हे केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन यांच्याकडे शिकून आलेले, शिस्तीचे कडक. ज्या जातीत आपण जन्मलो तिच्याचकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचा हा पहिला धडा होता.

मध्यंतरी विवाह झाला होता. पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्रज्ञ, जर्मनीत डॉक्टरेट मिळवून आलेले. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे! विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे. अशा घरात सुनेच्या शिक्षणाला विरोध होणार नाही, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तिने जर्मनीस जावे ही कल्पना महर्षींना पसंत पडली नाही. समाजाच्या लेकींसाठी उभे आयुष्य वेचणाऱ्या माणसाचा घरच्या सुनेपाशी हात आखडावा, याचे आम्हांला नवल वाटते आणि वाटतही नाही. सुधारकांचे घर हेही शेवटी घरच असते. दिनकररावांनी मात्र माघार घेतली नाही. काँग्रेसचे पुढारी डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांच्याकडून कर्ज काढले आणि पत्नीला बर्लिनला पाठवले. कुटुंबात त्या काळाला न रुचणारे आणखीही काही घडत होते. मोठे दीर रघुनाथराव ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा प्रचार करीत होते. त्यांची मते आमच्या पंथाला मान्य होण्यासारखी नव्हेत, तरी एका घरात इतकी स्वतंत्र डोकी नांदत होती ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

बर्लिनच्या दालेम उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेचे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाशास्त्र यांचे संशोधनकेंद्र १९२७ साली सुरू झाले होते. संचालक प्रा. ऑयगेन फिशर. त्यांनी १९०८ साली आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ येथील मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेऊन कीर्ती मिळवली होती. वंशसंकराने माणसाचा कस उतरतो असे त्यांचे मत होते. तेच आता इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. विषय ठरला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील स्वाभाविक असमानता. कोणाच्याही कवटीची डावी बाजू उजवीसारखी तंतोतंत नसते. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी अधिक असमान आणि म्हणूनच त्याची बुद्धी श्रेष्ठ, असे फिशर यांचे अनुमान होते. भारतातून आलेल्या विद्यार्थिनीने ते आकड्यांनी सिद्ध करून द्यावे, एवढीच अपेक्षा.

तिने १४९ कवट्या मोजल्या. त्यांत पूर्व आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. आम्ही त्या खोलीची कल्पना करून पाहतो. बाहेर बर्लिनचा हिवाळा, टेबलावर पोलादी कैवार, ओळीने मांडलेल्या माणसांच्या कवट्या आणि पुढ्यात विशी ओलांडलेली एक पुणेकर बाई. परक्या भाषेत आकडे लिहून घेणारी, डोक्यावर कर्ज असलेली, पदवीसाठी ज्याच्या सहीवर अवलंबून त्याच्याच सिद्धान्ताची परीक्षा घेणारी. आकडे फिशरसाहेबांच्या बाजूने पडेनात. असमानता सगळ्याच गटांत होती आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नव्हता. दोन-चार आकडे इकडे-तिकडे सरकवणे, निष्कर्ष गुळमुळीत शब्दांत लपवणे हे मार्ग तिला मोकळे होते. ते तिने घेतले नाहीत. जे दिसले ते लिहिले. १९३० साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि पुढल्या वर्षी प्रबंध छापला गेला. उत्तीर्ण होण्यापुरती अगदी खालची श्रेणी तिच्या वाट्याला आली, असे तिचे चरित्रकार सांगतात. नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोझा यांनी लिहिलेले ‘इरू’ हे ते इंग्रजी चरित्र २०२४ साली निघाले आणि हा प्रसंग प्रथमच पुष्कळ लोकांना माहीत झाला.

हा प्रसंग किती मोठा, हे पुढचा इतिहास पाहिला म्हणजे समजते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी जुलैत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. ऱ्हाइन नदीकाठच्या मिश्रवंशीय मुलांची तपासणी करून त्यांना वंध्य करण्याचे काम १९३७ साली झाले, त्यातही या शास्त्राच्या जाणकारांनी मत देऊन हातभार लावला. १९४२ मध्ये संस्थेची सूत्रे फेर्शुअर यांच्याकडे गेली आणि त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले आउश्वित्झच्या छावणीतून मृतांचे अवयव दालेमला धाडू लागला. त्याच छावणीत ऑगस्ट १९४२ मध्ये संत एडिथ स्टाइन यांचा अंत झाला. ज्या टेबलावर इरावतीबाईंनी कैवार ठेवला, तिथून हा रस्ता निघाला होता.

आणि आता आमच्या घरची गोष्ट, जी सांगताना मान खाली जाते. या दालेमच्या संस्थेत सुप्रजाशास्त्र विभागाचे प्रमुख कोण होते? हेर्मान मुकरमान. हे कॅथॉलिक धर्मगुरू. १९२६ पर्यंत ते येशूसंघात होते. संस्था उभी करण्यात त्यांच्या भाषणांचा आणि खटपटीचा मोठा वाटा होता. ‘सुदृढ’ कुटुंबांनी वाढावे व ‘अयोग्यां’नी कमी व्हावे, असे ते गावोगाव सांगत. नाझींनी त्यांना १९३३ मध्ये पदावरून काढले हे खरे, परंतु जमीन नांगरण्यात त्यांचा हात होता हेही तितकेच खरे. त्यांचे सख्खे बंधू फ्रिडरिख मात्र येशूसंघातच राहिले आणि नाझींविरुद्ध लेखणी चालवून परागंदा झाले. एका आईची ही दोन मुले!

ख्रिस्तसभेची अधिकृत वाणी तेवढ्यात उमटली हे आमचे भाग्य. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांचे ख्रिस्ती विवाहावरील ‘कास्ती कोन्नुबिई’ हे विश्वपत्र ३१ डिसेंबर १९३० रोजी निघाले. इरावतीबाईंना पदवी मिळाली ते वर्ष अजून संपत होते. विश्वपत्राचा बराच भाग संततिनियमनाविषयी असल्याने आपल्याकडे त्याचा तेवढाच गाजावाजा झाला. त्यात दुसराही एक मुद्दा होता. निरपराध माणसाच्या देहावर घाव घालण्याचा अधिकार राज्यकर्त्यांना नाही, आणि कुटुंब हे राज्याहून पवित्र आहे. पुढे ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे महागुरुस्वामी फॉन गालेन यांनी मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध व्यासपीठावरून गर्जना केली ती याच पायावर. रोमने श्रद्धेच्या बळावर जे म्हटले, त्याच साली एका परधर्मीय मुलीने कैवाराने मोजून त्याच्या शेजारची एक गोष्ट दाखवून दिली. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती.

‘अयोग्य’ कोण, हा प्रश्न जर्मनीतच संपला असे मानणे भाबडेपणाचे होईल. पालीच्या माळावर ‘इन्फंट इंडिया’ संस्थेचे आनंदग्राम आहे. एच.आय.व्ही.ची बाधा घेऊन जन्मलेली, आईबाप गमावलेली, नातलगांनी दूर लोटलेली मुले तिथे वाढतात, शाळेत जातात, खेळतात. मुकरमानसाहेबांच्या वहीत ही मुले कोणत्या रकान्यात गेली असती हे सांगायला नको.

त्या कवट्यांचेही थोडे सांगितले पाहिजे. बर्लिनच्या संग्रहांत वसाहतकाळातील हजारो कवट्या पडून होत्या. पूर्व आफ्रिकेतल्या सुमारे अकराशे कवट्यांचा शोध घेण्याचे काम तिथल्या वस्तुसंग्रहालयांनी २०१७ साली हाती घेतले. २०२३ साली त्यांतील काहींचा डी.एन.ए. टांझानियातल्या हयात माणसांशी जुळला. एका कवटीवर ‘आकिडा’ असा शब्द लिहिलेला होता. तो चागा लोकांच्या मांगी मेली या राजाचा सल्लागार निघाला, आणि त्याच्या वंशजांना आपला पूर्वज सापडला. ज्यांना क्रमांक होते त्यांना पुन्हा नातेवाईक मिळाले.

मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी प्रथम मुंबईस महिला विद्यापीठाच्या कारभाराचे काम केले. ते त्यांच्या प्रकृतीस मानवणारे नव्हते. १९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने उघडले, तिथे त्या समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत तिथेच रमल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खनन केले. भिल्ल, कातकरी, शेतकरी, ब्राह्मण, कुंभार या सर्वांची मोजमापे घेत त्या गावोगाव हिंडल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवीत. कुंकू, मंगळसूत्र त्यांनी घातले नाही आणि पतीला त्या सरळ ‘दिनू’ म्हणत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. बर्लिनमध्ये ज्या विद्येचे फोलपण दिसले, तिचीच मोजपट्टी घेऊन त्या पुढली तीस वर्षे महाराष्ट्रातील डोकी, नाके आणि रक्तगट का मोजत राहिल्या? फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून, कवटीचा आकार परिस्थितीने बदलतो, हे १९११ च्या सुमारासच दाखवले होते. मार्गारेट मीड यांचे सामोआवरील पुस्तक १९२८ चे, म्हणजे इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या त्याच सालचे. मानवशास्त्राचा तो दुसरा रस्ता त्यांच्यासमोरही होता. गुरूचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, त्याचे हत्यार मात्र टाकले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

परंतु त्या हत्यारानेच त्यांनी एक वेगळे काम साधले हेही पाहिले पाहिजे. घुर्ये म्हणत की मूळ एका जातीचे तुकडे होत होत पोटजाती झाल्या. शिष्येने उलट सांगितले. महाराष्ट्रातले कुंभारच घ्या. थोरचाके निराळे, लहानचाके निराळे. चाक वेगळे, घडवण्याची रीत वेगळी, आपसांत सोयरीक नाही. मग एका कुंभार जातीचे हे तुकडे कसे? हे वेगवेगळे कुळसमूह शेजारी शेजारी येऊन बसले आणि धंद्यावरून त्यांना एक नाव पडले. १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. एकाच वर्णाचे म्हणवणारे हे गट देहानेही एक नाहीत, असे तिचे सांगणे. जात म्हणजे पसरलेले नातेवाइकांचे जाळे. माणूस ज्यांच्यात लग्न करतो, ज्यांच्या मयताला जातो, ज्यांच्याकडे अडीअडचणीला धावतो, ती त्याची जात. देव बदलला म्हणून ते जाळे तुटत नाही.

मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा अर्थ लावायला आम्हांला याहून चांगली किल्ली मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे फादर घोगरगावला आले. नंतरच्या दशकांत जे लोक ख्रिस्ताकडे वळले ते बहुतेक दलित समाजांतले, महार आणि मांग. बाप्तिस्मा एकच, प्रभुभोजनाची भाकर एकच. सोयरीक मात्र जुन्याच वाटांनी होत राहिली. इरावतीबाईंचे म्हणणे हेच होते. पण त्यांच्या सांगण्यात एक उणीव आम्हांला जाणवते. त्यांनी शेजारी शेजारी मांडलेल्या समूहांचे चित्र काढले. त्यांत कोण वर आणि कोण खाली, व तसे कोणी केले, हा प्रश्न त्यात मंद पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ धरले, आणि ती भिंत टिकवण्यासाठी स्त्रीवर काय काय लादले गेले तेही सांगितले. इरावतीबाईंची किल्ली आणि बाबासाहेबांचा प्रश्न, दोन्ही हाती असावे लागतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींतून वगळले, जणू धर्मांतराबरोबर जात गळून पडली. पण ती आमच्यातही टिकून आहे, याची कबुली भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या आपल्या धोरणपत्रात स्वतःच दिली.

‘भारतातील नातेव्यवस्था’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. त्यात साऱ्या देशाचे नात्यांवरून चार विभाग पाडले आहेत. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या घरी जाते. दक्षिणेत ती नात्यातच राहते, मामाशीही लग्न चालते. महाराष्ट्र मधला. मामाची मुलगी चालते, नव्हे, तिच्यावर हक्क मानला जातो, पण मामा-भाचीचे लग्न रूढ नाही. आपल्या धर्मगुरूंना हा ग्रंथ गुरुविद्यालयातच वाचायला द्यावा, असे आम्ही कितीदा म्हटले आहे! ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे मामे-आते भावंडांचे लग्न हा विवाहातला अडथळा आहे आणि त्यासाठी महागुरुस्वामींची सूट लागते. बीडकडच्या माणसाला ती जगातली सर्वांत स्वाभाविक सोयरीक वाटते. केरळातून किंवा गोव्यातून आलेला तरुण फादर चकित होतो, घरातले वडीलधारे दुखावतात आणि दोघांनाही दुसरा हट्टी वाटतो. अडथळा कायद्यात आहे आणि रीत मातीत आहे, हे दोघांनाही सांगणारे कोणी नसते.

आमच्यातही या वाटेने गेलेली माणसे होती. फादर स्टीफन फुक्स हे ऑस्ट्रियाचे. १९३४ साली ते भारतात आले आणि निमाडातल्या बलाही लोकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये निघाला. मुंबईस त्यांनी भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली. इरावतीबाईंचे ते समकालीन, आणि दोघांचेही अभ्यासविषय अगदी जवळचे. फुक्स यांच्याविषयी स्वतंत्र लेख व्हायला हवा.

सामान्य मराठी वाचक इरावतीबाईंना ओळखतो तो ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि मुख्यतः ‘युगान्त’ यांवरून. १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार ‘युगान्त’ला मिळाला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही भर घालीत नाही. एवढेच म्हणतो की भीष्म, गांधारी, कुंती यांच्याकडे देवत्वाचा मुलामा काढून पाहण्याचे जे धैर्य त्या पुस्तकात आहे, ते दालेमच्या त्या टेबलावर अंगी बाणलेले असावे.

त्यांचे शेवटच्या काळातले एक काम फारसे कोणी वाचत नाही. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी पाहणी केली. धाकट्या पिढीतल्या लेखिका जाई निंबकर, त्यांची थोरली मुलगी, या कामात सहलेखिका होत्या. अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. कोण कुठे गेले, कोणाच्या शेजारी कोण बसवले, भावकी कशी पांगली, नव्या गावात मयताला खांदा कोण देतो, अशा प्रश्नांसाठी कैवार लागत नाही. वय साठीच्या पुढे गेले होते. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले, आणि राहिलेले ललित लेख ‘गंगाजल’ या नावाने १९७२ साली बाहेर आले.